गोलपुढं लावलेली बस

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग, आणि सगळ्यांना कळेल असं सांग. या दोन अटी एकत्र पाळणं मला वीस वर्षांत जमलेलं नाही. मी काय काम करते असं कुणी विचारलं तर आई अजूनही "कॉम्प्युटर दुरुस्त करते" एवढंच सांगते, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं चुकीचं काही नाही. म्हणून सॉफ्टवेअर आज बाजूला ठेवते आणि फुटबॉलवर बोलते. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार अशी नावं घेतली की या सभागृहाचे आत्ता तीन तुकडे होतील, म्हणून ती पुन्हा घेणार नाही.

मला बोलायचं आहे ते फुटबॉलमधल्या एका इंग्रजी शब्दप्रयोगावर. 'पार्क द बस'. म्हणजे बस लावणे. एखादा संघ गोल करायचा नादच सोडून देतो, अकराच्या अकरा जण आपल्याच गोलपुढं येऊन उभे राहतात, आणि समोरच्याला म्हणतात, आता घाल कुठून घालायचाय तो. मग समालोचक म्हणतो, यांनी बस लावली.

आधी हिशेब. इंजिनियर आहे, राहवत नाही. फुटबॉलचा गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच असतो. म्हणजे चोवीस फूट बाय आठ फूट. आपली एस.टी. त्यापेक्षा लांब आणि उंच. आडवी लावली की गोल पूर्ण झाकला जातो, वर दोन्ही बाजूंना शिल्लक राहते. अडचण एकच. चेंडूचा व्यास साधारण बावीस सेंटिमीटर, आणि बसच्या पोटाखाली जागा त्याहून जास्त. गल्लीत उभ्या टेम्पोखाली गेलेला चेंडू ज्यांनी पोटावर सरपटत जाऊन काढलाय, त्यांना हे सांगायला नको. तेव्हा खरी बस लावून फार उपयोग नाही. माणसंच लागतात.

आता हा शब्द आला कुठून? इंग्रजीत तो रूढ झाला २००४ साली. जोझे मोरिन्यो हा पोर्तुगालचा प्रशिक्षक, पोर्तो संघाला चॅम्पियन्स लीग जिंकून देऊन नुकताच लंडनच्या चेल्सीत आला होता. १९ सप्टेंबरला चेल्सीच्याच मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर, टॉटनहॅमशी सामना झाला. चेल्सी धडका देत राहिली, टॉटनहॅम गोलपुढून हलले नाहीत. शून्य-शून्य. सामन्यानंतर मोरिन्यो वैतागून म्हणाला की आमच्या पोर्तुगालमध्ये म्हणतात तसं झालं, यांनी बस आणली आणि गोलपुढं उभी करून ठेवली. पोर्तुगालमधले लोक बसला 'ऑटोकार्रू' म्हणतात. पत्रकारांना ते चित्र इतकं आवडलं की पोर्तुगीज म्हण इंग्रजीच्या अंगणात आली आणि तिथलीच झाली.

माझा एक अंदाज आहे, पुरावा नाही. त्याच वर्षी ४ जुलैला लिस्बनमध्ये युरो स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता. पोर्तुगाल यजमान, घरचं मैदान, आणि समोर ग्रीस. बाद फेरीत ग्रीसनं तीन सामने खेळले, आधी फ्रान्स, मग झेक प्रजासत्ताक, मग पोर्तुगाल. तिन्ही एक-शून्यनं जिंकले. घट्ट बचाव करायचा, आणि एकदाच डोकं वर काढायचं. अडीच महिन्यांपूर्वीची ती जखम असताना कुठल्याही पोर्तुगीज माणसाच्या तोंडी बस आली तर नवल नाही.

गंमत पुढं आहे. ज्यानं ही तक्रार केली, त्याच्याच नावाला हा शब्द कायमचा चिकटला. त्या हंगामात चेल्सी इंग्लंडची विजेती झाली, आणि ३८ सामन्यांत मिळून त्यांनी फक्त १५ गोल खाल्ले. पुढं जानेवारी २०१४ मध्ये वेस्ट हॅमनं मोरिन्योच्या चेल्सीला असंच शून्य-शून्यवर रोखलं, तेव्हा तो म्हणाला, हा एकोणिसाव्या शतकातला फुटबॉल आहे. आणि तीनच महिन्यांनी तो लिव्हरपूलला गेला, चेल्सीनं दोन-शून्यनं सामना जिंकला, आणि लिव्हरपूलचे प्रशिक्षक म्हणाले, यांनी आज एक नाही, दोन बस लावल्या होत्या! माणूस तोच, खेळ तोच. बाजू बदलली की शब्द बदलतो. हा शब्द बोलणारा बहुतेक वेळा गोल न करता आलेला माणूस असतो. उभा राहणारा स्वतःच्या उभं राहण्याला बस म्हणत नाही.

मी हा शब्द शिकले एप्रिल २०१० मध्ये. तेव्हा मी ऑनसाइट लंडनला होते. मामेबहिणीचं लग्न होतं, १८ तारखेला मी इथं असायला हवं होतं. पण आइसलँडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातली विमानं बंद पडली. लग्न मी फोनवर ऐकलं, त्यातही मंगलाष्टकांपेक्षा कुकरच्या शिट्ट्या जास्त. त्याच राखेमुळं बार्सिलोनाच्या संघाला इटलीतल्या मिलानला चक्क बसनं जावं लागलं. जवळजवळ हजार किलोमीटर. तिथं इंटर मिलानकडून ते तीन-एक असे हरले. त्या इंटरचा प्रशिक्षक कोण? तोच, मोरिन्यो.

परतीचा सामना २८ एप्रिलला बार्सिलोनात होता. ऑफिसातले सगळे पबमध्ये बघायला गेले, मीही गेले. अठ्ठाविसाव्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोत्ताला लाल कार्ड मिळालं. राहिले दहा. समोर त्या वेळचा जगातला सगळ्यात चांगला संघ, त्यात मेस्सी. दोन गोल खाल्ले असते तर इंटर बाहेर. उरलेला तासभर त्या दहा जणांनी काय केलं, तर उभे राहिले. सॅम्युअल एटो, ज्याचं आयुष्य गोल करण्यात गेलं, तो बचावपटूंच्या रांगेत पळत होता. चेंडू जवळजवळ पूर्ण वेळ बार्सिलोनाकडं. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पिकेनं एक गोल केला. दुसरा झाला नाही. सामना हरून इंटर अंतिम फेरीत गेलं. मोरिन्यो बोट वर करून मैदानात धावला, आणि कुणीतरी गवताला पाणी घालायचे फवारे सुरू केले. पुढं माद्रिदमध्ये बायर्नला हरवून त्यांनी कपही घेतला.

माझ्या शेजारी बसलेला इंग्रज सहकारी शेवटपर्यंत कुरकुरत होता. हा काय खेळ आहे? यांनी बस लावली. मी विचारलं, बस म्हणजे? त्यानं समजावलं. आणि पबच्या त्या गोंगाटात माझ्या डोळ्यांपुढं एकदम गांधी मैदान आलं. चिखल.

नववीत असताना, ऑगस्ट ९५. आंतरशालेय सामने. उपांत्य फेरी. ज्यांच्यापुढं आपण नेहमी तीन-चार गोलनी हरायचो, त्या शाळेशी सामना होता. आपल्या कॅप्टनचं मनगट मोडलेलं, आपला सगळ्यात चपळ फॉरवर्ड काविळीनं घरी झोपलेला. पी.टी.च्या सरांनी पोरांना काय सांगितलं ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही मुली कठड्यावर बसून ओरडत होतो. आणि आपली पोरं पहिल्या मिनिटापासून गोलपुढं. चेंडू आला की लांब मारायचा, परत आला की परत मारायचा. एकदाही पलीकडच्या गोलपर्यंत गेली नाहीत. प्रेक्षक हसत होते. समोरच्या शाळेची मुलं 'रडीचा डाव, रडीचा डाव' म्हणत होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपली पण म्हणत होती. शून्य-शून्य. टायब्रेकर. चार-तीननं हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'दहा गोलकीपर'. पहिला तास सरांचाच होता. ते आले, फळ्याकडं बघितलं, डस्टर समोर असताना शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि शिकवायला सुरुवात केली. ते कुणी लिहिलं यावर त्या वर्षी बरीच भांडणं झाली, एकदा मारामारीही झाली. ते मी लिहिलं होतं. (सर, अठ्ठावीस वर्षांहून जास्त झाली, आता शिक्षा माफ असावी.)

ते लिहिताना मला फार हुशारी वाटली होती. पबमध्ये, इंटरच्या दहा जणांना बघताना, ती हुशारी आठवून कान गरम झाले.

मग मी या शब्दाच्या मागं लागले. इटालियन लोक अशा बचावाला 'कातेनाच्यो' म्हणतात. अर्थ, दाराची कडी. साठच्या दशकात याच इंटरनं, हेलेनियो हेरेरा नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, कडी लावून १९६४ आणि ६५ चा युरोपियन कप जिंकला. वाड्याच्या दिंडीला आतून आडवा लाकडी दांडा असायचा, तो आपला अडसर. आज आपण अडसर म्हणजे नुसता अडथळा समजतो, विकासातला अडसर वगैरे. पण ज्याच्या घराला तो होता, त्याला रात्री त्याच्यामुळंच झोप लागायची.

आणि आपल्याकडं आणखी एक शब्द आहे, तो तर इथून जवळच जन्मला. खिंड लढवणे. पन्हाळ्यावरून विशाळगडाच्या वाटेवर १६६० साली बाजीप्रभू देशपांडे जिथं उभे राहिले, तिथून तो आला. त्या बलिदानाची तुलना मी चेंडूच्या खेळाशी करत नाही, तेवढं कळतं मला. मी फक्त शब्दाबद्दल बोलतेय. थोड्यांनी वाटेत उभं राहायचं, पुढं सरकायचं नाही, समोरच्याला आत येऊ द्यायचं नाही. कृती पाहिली तर यात आणि बस लावण्यात अंतर किती? पण एका शब्दात मान आहे आणि दुसऱ्यात हेटाळणी. कारण खिंडीत मागं कोण होतं आणि कुठं चाललं होतं हे आपल्याला माहीत आहे. बसच्या मागं काय आहे हे तिकिट काढून आलेल्या प्रेक्षकाला दिसत नाही, आणि त्याला पर्वाही नसते. त्याचंही चुकत नाही म्हणा. त्यानं पैसे गोल बघायला दिलेत.

सगळ्याच बसमागं काही मोलाचं असतं असंही नाही. पूर्ण संघ धडधाकट असताना, केवळ हरायची भीती म्हणून, वर्षानुवर्षं उभे राहणारे संघ मी पाहिलेत. आमच्या धंद्यात तर कितीतरी. जुना प्रोग्राम चालतोय ना, मग हात लावू नका. का, तर भीती. ती बस नव्हे, ते गंजलेलं वाहन. बास्केटबॉलवाल्यांनी याला कंटाळून १९५४ मध्ये अमेरिकेत घड्याळ आणलं, चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडं टाकायलाच हवा. आपल्या प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर चढाई करणारा बाद. फुटबॉलनं असं काही केलं नाही. जिंकण्याचे दोनाचे तीन गुण केले, १९९२ मध्ये गोलकीपरला मागं दिलेला पास हातात धरायची बंदी केली. पण गोलपुढं किती जणांनी किती वेळ उभं राहावं, यावर नियम नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

हे सगळं माझ्यासाठी नुसतं वाचन होतं, २०१८ पर्यंत. त्या वर्षी आई पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. बाबा आधीच गेले होते. तिला पुण्याला आमच्याकडं आणलं. त्याच महिन्यात मला एका मोठ्या प्रोजेक्टचं नेतृत्व द्यायचं चाललं होतं, दोन वर्षं अमेरिकेत. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी आलं, तेही नाही म्हटलं. आहे ते काम नीट करायचं, सहाला लॅपटॉप मिटायचा, एवढंच. वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत माझे वरिष्ठ, माणूस वाईट नव्हता, हसत म्हणाले, "यू हॅव पार्क्ड द बस." त्यांना फुटबॉलची आवड होती. मला तो शब्द कुठून आला, कुणी काढला, कुणाला चिकटला, सगळं पाठ होतं. तरीही लागायचं ते लागलंच. चाळिशीच्या तोंडावर होते, माझ्या हाताखाली शिकलेली मुलं पुढं गेली होती. त्या रात्री मला 'दहा गोलकीपर' आठवलं. कुणीतरी माझ्या फळ्यावर लिहिलं होतं.

मी मनात म्हटलं, ही खिंड आहे, बस नाही. बराच काळ मी त्याच ऐटीत होते. खिंडीत तोफा ऐकू आल्या की काम फत्ते झाल्याचं कळायचं, सामन्यात नव्वद मिनिटांनी शिट्टी होते. घरात शिट्टी कोण वाजवणार? आईचं हाड जुळलं. काठीनं चालायला लागली. पण मी उभीच. बाथरूमला दांडे, खोलीत कॅमेरा, दिवसा एक बाई, रात्री एक बाई. स्वयंपाकघरात जायचं नाही, लिफ्टनं एकटीनं उतरायचं नाही, लोकांनी जास्त वेळ बसायचं नाही, ती दमते. मग २०२० चा कोरोना आला आणि माझ्या सगळ्या बंदोबस्ताला सरकारी शिक्का मिळाला.

२०२१ च्या दिवाळीनंतर एका दुपारी ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळी माझ्यापुढं उभी आहात. मला दार दिसत नाही."

मी खरंच बाजूला सरकले, खोलीच्या दारापासून. तिनं मान हलवली. "ते दार नव्हे."

तिला कोल्हापूरला यायचं होतं. गल्लीतल्या घराच्या पायरीवर बसायचं होतं. ज्या पायरीवरून पडली, त्याच. मी तीन महिने नाही म्हणत राहिले, भांडले, डॉक्टरांना मध्ये घातलं. डॉक्टर तिच्या बाजूनं निघाले. २०२२ च्या फेब्रुवारीत तिला आणून सोडलं. पायरीला एक कठडा बसवला, तेवढी माझी हौस. मी महिन्यातले पंधरा दिवस इथून काम करते, बाकी दिवस माझा जीव टांगणीला असतो आणि तिचा मजेत असतो.

हे भाषण लिहायला घेतलं तेव्हा मागच्या आठवड्यात मी आपल्या त्या वेळच्या गोलकीपरला फोन केला. नाव घेऊ नकोस म्हणालाय, पण शेवटच्या रांगेत बसून जो हसतोय तो. त्याला म्हटलं, फळ्यावर मी लिहिलं होतं, चुकलं माझं. तो म्हणाला, "अगं ठाऊक होतं की. तुझा 'ळ' आणि 'ल' कुणी ओळखणार नाही होय? पण तुझं गणित चुकलं. दहा गोलकीपर नव्हते. एकसुद्धा नव्हता." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाला, "समोर दहा पाठी. चिखलानं भरलेल्या. मला पूर्ण सामना चेंडूच दिसला नाही. लाथेचा आवाज आला की उडी मारायची, एवढंच करत होतो. पोरं इमानानं उभी होती, त्यांना सरका तरी कसं म्हणायचं?"

मी गप्प झाले. मग त्यानं आपण होऊन सांगितलं, "टायब्रेकरला सगळे मधल्या रेषेवर गेले ना, तेव्हा पहिल्यांदा समोर मोकळं मैदान दिसलं. चेंडू दिसला, मारणारा दिसला, त्याचे डोळे दिसले. पहिलीच पेनल्टी अडवली मी. तुझ्या लक्षात नसेल."

माझ्या लक्षात नव्हतं. आपल्यापैकी कुणाच्या आहे? हरलो एवढंच लक्षात राहिलं.

आईला आज इथं बोलावलं होतं. गाडी पाठवते म्हटलं तर रिक्षानं येईन म्हणाली, आणि आली आहे. पहिल्या रांगेत तिची खुर्ची राखून ठेवली होती, ती रिकामी दिसतेय. ती तिकडं मागं, दाराशी बसली आहे.